माझ्या चाकावरचं ते रक्त नव्हे

मी एक म्हातारी व्होल्गा गाडी. आजवर काही बोलायचं झालं तर हॉर्न वाजवायचा, एवढंच मला ठाऊक होतं. पण हॉर्नचा अर्थ माणसं एकच लावतात, ‘बाजूला व्हा’. मला मात्र सांगायचं असायचं, ‘जवळ या, जरा वाकून बघा’. तेव्हा आता सरळ तोंडानंच सांगते.

माझा जन्म माझ्याच नावाच्या एका मोठ्या नदीकाठी, कारखान्यात झाला. अंगाला आभाळी रंग, नाकावर उडी घेणारं चकचकीत हरीण, आणि पुढं दिवाणासारखं सलग सीट. तिथून आगगाडीवर चढवून मला किर्गिझांच्या या डोंगरात आणलं. नवी होते तेव्हा वाटेवरची मेंढरं माझ्याकडे वळून बघायची. मेंढरं सगळ्यांकडेच तशी बघतात, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला मालक इशेन, गुरांचा डॉक्टर. मेंढीच्या छातीला कान लावायचा तसाच माझ्या बॉनेटला लावायचा. माझ्या ब्रेकच्या नळ्यांत लाल तेल असतं. एरंडेल आणि स्पिरिट मिसळून केलेलं. हो, तेच एरंडेल, जे पोट बिघडलं की आया पोरांचं नाक दाबून पाजतात. पायानं दांडी दाबली की ते तेल नळीतून धावतं आणि चारही चाकांना धरून ठेवतं. चौघांना मिळून नळी एकच. एका चाकाशी गळती लागली की चौघांचा जीव जातो. इशेनला हे पक्कं माहीत होतं. तो प्रत्येक चाकातलं रबर वेळेवर बदलायचा आणि जुनं रबर फेकण्याआधी बोटांनी चुरून बघायचा.

तो गेला आणि माझं नशीब फिरलं. त्याच्या घरच्यांनी मला गोठ्यात लावलं आणि विसरले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, पिल्लं काढली. मला त्याचंही काही नाही. घरात बाळं असलेली बरी. पण न वापरलेलं रबर सुकतं, त्याला चिरा पडतात. माझ्या मागच्या डाव्या चाकातलं रबर असंच सुकलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. आजारपणं अशीच येतात, आतून.

मग मायलीबेक आला. डोंगरावरच्या गावात राहणारा, लोकर गोळा करण्यात हयात गेलेला, आता घरी बसलेला माणूस. त्यानं आपली घोडी देऊन मला घेतलं. त्याच्या सुनेला दिवस गेले होते. तान्ह्या बाळाला घोड्यावरून कसं न्यायचं, म्हणून गाडी. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण घोडीच्या बदल्यात आले म्हणून त्या घरानं मला घोडीच मानलं. त्याची बायको बुरमाकान हिनं माझ्या सीटवर लोकरीचा नमदा घातला, आरशाला निळा मणी बांधला. चढावर मी दमले की मायलीबेक चक्क “चू, चू” करायचा.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मेंढा कापला. इथली रीतच आहे, नवी गाडी आली की तिच्यासाठी रक्त सांडायचं, म्हणजे ती पुढं कुणाचं सांडत नाही. बुरमाकाननं ते रक्त माझ्या चारही चाकांना बोटानं लावलं. इथपर्यंत ठीक.

आठवडाभरात तीन चाकांवरचं रक्त वाळून, काळं पडून, उडून गेलं. मागचं डावं चाक मात्र लालच राहिलं. लाल आणि ओलं. राहील नाही तर काय? माझं तेल तिथून ठिबकत होतं. चाकाच्या आतल्या अंगानं ओघळायचं आणि धावताना बाहेर उडायचं.

बुरमाकाननं ते पाहिलं आणि ओट्यावर बसकण मारली. “वाळत नाहीये,” ती नवऱ्याला म्हणाली. “म्हातारबुवा, बघा हो. आपला मेंढा वर पोचला. रक्त अजून ताजं आहे.”

“माझ्या हातचा मेंढा होता,” मायलीबेक मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

झालं. त्या चाकाला कुणी हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, अशी बुरमाकाननं घरादाराला शपथ घातली. शेजारच्या बाया बघायला येऊ लागल्या. बोट लावून कपाळाला टेकवायच्या. एकीनं तर गुडघ्यालाही चोळलं आणि गुडघा हलका झाला म्हणाली. मी काय बोलणार? एरंडेलच ते, हलका झालाही असेल.

मायलीबेकची तर कमालच. दांडी खोल जायला लागली की तो बॉनेट उघडायचा आणि इशेनकडून माझ्याबरोबर आलेल्या डब्यातून तेल ओतायचा. गुरांच्या डॉक्टरचा डबा, म्हणून तो त्याला ‘घोडीचं औषध’ म्हणायचा. “पिते बघ कशी,” असं कौतुकानं म्हणायचा. पिते ते जातं कुठं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. या हातानं लाल ओततोय, त्या चाकावर लाल दिसतंय, मध्ये माझी चार हातांची लांबी. तेवढं अंतर त्याच्या डोक्याला ओलांडता आलं नाही.

त्यांचा मुलगा तालाय माझ्याखाली शिरायचा, पण त्यालाही सगळं हसण्यावारी न्यायची सवय. इथल्या बोलीत ब्रेकला ‘टोर्मोज’ म्हणतात, आणि मंद डोक्याच्या माणसालाही टोर्मोजच म्हणतात. माझ्याजवळ पहिला कमी पडत होता, घरात दुसरे भरपूर होते.

आता अनारकुलचं सांगते. तालायची बायको, या घरची केलिन, म्हणजे सून. उन्हाळ्याच्या शेवटी तिला मुलगी झाली, झिबेक. पोर रात्रंदिवस रडायची. दुपारी सगळे आडवे झाले की अनारकुल तिला घेऊन माझ्या मागच्या सीटवर येऊन बसायची आणि दार ओढून घ्यायची. तिथं ती झिबेकला पाजायची, आणि कधीकधी स्वतःही थोडं रडून घ्यायची. तिचं माहेर खिंडीपलीकडं, खालच्या खोऱ्यात. लग्नानंतर ती तिकडं गेलीच नव्हती. बाळंतिणीचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला, सरला की माहेरी जायचं असं ठरलं होतं. आणि जायचं तर बर्फ पडायच्या आत. एकदा खिंड बंद झाली की थेट वसंतातच उघडते. माहेरच्या गावाहून येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर तिच्या आईनं निरोप धाडला होता, ‘पाळणा धुऊन ठेवलाय’.

एक दिवस बाळाचं दुपटं वाऱ्यानं उडून माझ्या त्या चाकाला चिकटलं. अनारकुलनं ते गार पाण्यात भिजवलं. रक्ताचा डाग गार पाण्यात सुटतो. हा सुटेना. बोटांत चोळला तर बोटं घसरायला लागली. नाकाला लावून बघितलं. लहान बाळाची आई ती. दूध कुठलं, शी कुठली, रक्त कुठलं, हे तिला अंधारातही कळतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि वाकून बघितलं. पहिल्यांदा कुणीतरी वाकलं.

मला वाटलं, सुटले बाई.

कसली सुटतेय. या लोकांत सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तुमच्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेतात. इथं सासऱ्याच्या नावाचा तुकडासुद्धा जिभेवर यायला नको; सासऱ्याला नुसतं ‘अता’ म्हणायचं, सासूला ‘अपा’. आणि इथं तेलाला, लोण्याला, चरबीला, वंगणाला, सगळ्याला एकच शब्द आहे, ‘माय’. मायलीबेकमधला माय. नवऱ्याच्या नावातला म्हणून बुरमाकाननं स्वतः लग्न झाल्यापासून तो शब्द उच्चारलेला नाही. तिनं त्याऐवजी ‘निसरडं’ असं नाव पाडलं, आणि तेच सुनेला शिकवलं. भाकरीला निसरडं लाव, निसरडं तापव. स्वयंपाकघरात बरं चालायचं. माझ्या बाबतीत त्यानं घात केला.

“अपा,” अनारकुल सासूला म्हणाली, “गाडीतून निसरडं गळतंय.”

बुरमाकान धावत आली आणि तिनं माझी डिकी उघडली. “कुठंय? कुणी ठेवलं लोणी गाडीत?” आत नुसतं एक पोतं. “काही तर नाही गं.”

“डिकीत नाही, अपा. चाकात.”

“चाकात लोणी?” बुरमाकाननं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. “ताप नाही. झोप होत नाही ना तुझी. बाळंतिणीला होतं असं. जा, पड जरा.”

नवऱ्याला सांगताना अनारकुल म्हणाली, “ब्रेकचं काहीतरी गळतंय. नीट बघा ना.” तालाय बिचारा लगेच कामाला लागला. त्यानं माझी तीन चाकं काढली, आतलं सगळं पुसलं, सांध्यांना साबण लावला, नट आवळले. तीन चाकं. तिन्ही ठणठणीत होती. चौथ्याला हात लावला नाही, कारण आईची शपथ. घरात चार पोरं, एकाला ताप, आणि डॉक्टर उरलेल्या तिघांची नाडी बघून गेला, तशातली गत.

“झालं काम,” तो हात पुसत म्हणाला. “आता ही विमानासारखी थांबेल.”

विमान कसं थांबतं हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

चिल्ला सरला. झिबेकला न्हाऊ घातलं, नवं अंगडं घातलं. उजाडल्यावर सगळे अंगणात जमले. मायलीबेक चालवणार, शेजारी तालाय. मागं बुरमाकान, अनारकुल, आणि तिच्या मांडीवर झिबेक. डिकीत विहीणबाईंसाठी मेंढीच्या धुतलेल्या कोठ्यात, म्हणजे जठरात, भरलेलं लोणी. मायलीबेकनं दांडी दाबली, ती निम्म्यात गेली. पुन्हा दाबली, तेव्हा लागली.

“दुसऱ्यांदा ऐकते,” तो म्हणाला. “बायकोसारखी.”

“तुमचं तिसऱ्यांदाही नसतं ऐकायला येत,” मागून बुरमाकान म्हणाली.

चढाला मला ब्रेक फारसा लागला नाही. पण मी आतून मोजत होते, किती उरलंय. वळणावळणाला तो दाबायचा आणि थोडं थोडं बाहेर जायचं. मागची चाकं फिरवणाऱ्या, माझ्या पोटाखालच्या दांड्याला धरणारा एक हातब्रेक आहे, तो उभ्या गाडीला बरा. उतारावर सुटलेल्या गाडीला तो धरू शकत नाही. आणि आत ते अंगडं घातलेलं पोर. मला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

खिंडीच्या माथ्यावर सगळे थांबतात. तिथं वारा खायचा, चहा प्यायचा, मग उतरायचं. मायलीबेकनं चाकाला दगड लावला. अनारकुल बाळाला घेऊन उतरली आणि थेट मागच्या डाव्या चाकापाशी गेली. चाक आता नुसतं ओलं नव्हतं. त्याच्याखाली लाल थारोळं साचत होतं.

“बघितलंस?” बुरमाकान हरखून म्हणाली. “खिंडीत आलो आणि रक्त पुन्हा वाहायला लागलं. केवढा शकुन.”

चहा झाला. मायलीबेक स्टिअरिंगमागं बसला. तालाय बसला. बुरमाकान बसली. अनारकुल बसली नाही.

“चल गं,” तालाय म्हणाला.

ती मान खाली घालून उभीच. सुनेनं सासऱ्याला थांबवायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. ती त्याच्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. त्याचा चहासुद्धा पाठ न दाखवता ठेवून मागं मागं जायची.

“केलिन, काय झालं बाळा?” मायलीबेकनं विचारलं.

“अता, ते रक्त नाही.”

मागून बुरमाकान कडाडली, “मेंढ्याचा अपमान करू नकोस. रक्त नाही तर काय आहे?”

“निसरडं आहे.”

“अरे देवा, लोणी सांडलं वाटतं,” म्हणत मायलीबेक खाली उतरला आणि माझी डिकी उघडली. कोठा दाबून बघितला. “शाबूत आहे की. विहीणबाईंचा घास कुठं जात नाही. बस आता. ढग येतायत.”

त्यानं डिकी लावली. पुन्हा चाकाकडं पाठ. मला त्या क्षणी आपला हॉर्न आपोआप वाजावा असं वाटलं. नाही वाजला. नको तेव्हा अडकून वाजत राहतो.

अनारकुलनं झिबेकला छातीशी घट्ट धरलं. मान वर केली. आवाज मोठा नव्हता, पण वाऱ्यातही ऐकू आला.

“माय आहे ते, अता. ब्रेकची माय. सगळी गळून गेली. मी या पोरीला घेऊन गाडीत बसणार नाही.”

तालाय दार अर्धं उघडून तसाच राहिला. बुरमाकानचं तोंड उघडलं ते मिटेना. मग ती म्हणाली, “सासऱ्याचं नाव घेतलंस? त्यांच्या तोंडावर?”

मायलीबेक चाकाकडं वळला. तो हळूहळू गुडघ्यावर बसला, म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ लावून. त्यानं त्या थारोळ्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग उठून पुढं आला, इशेनचा डबा काढला, त्यात नाक घातलं. पुन्हा चाकापाशी गेला. इतके महिने न ओलांडलेलं ते चार हातांचं अंतर त्यानं एकदाचं ओलांडलं.

गाडीत वाकून त्यानं हातानंच दांडी दाबली. ती सरळ तळाला गेली. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही.

त्यानं खाली उतरणाऱ्या वळणांकडं पाहिलं.

“सुनेनं माझं अर्धंच नाव घेतलंय,” तो बायकोला म्हणाला. “न घेती, तर पुढच्या वळणावर पुरं नाव तू ओरडली असतीस.”

बुरमाकान खाली उतरली. तिनं हात पुढं केले, बाळ मागितलं. “दे इकडं. वारा लागतोय तिला.” एवढंच.

मग माझं चाक उघडलं, एकदाचं. आतलं सगळं लाल चिखलात बुडालेलं, ते अनारकुलनं हातांनीच उपसून पुसलं. रबर बाहेर काढलं तर सुकलेल्या जर्दाळूसारखं, चिरलेलं. दुसरं रबर जवळ नव्हतं. तालायनं त्या चाकाकडं जाणारी नळी दगडावर धरून हातोडीनं दुमडली आणि चेपली, म्हणजे तेल तिकडं जायचंच नाही. उरलेली तीन चाकं धरतील तेवढं धरतील. मला कळ आली खरी. पहिल्यांदाच कळ योग्य जागी येत होती.

डब्यातलं शेवटचं तेल ओतलं. पण नळ्यांत हवा शिरली होती. ती काढायला दोघं लागतात, एक खाली, एक दांडीवर. मायलीबेकचा गुडघा आखडलेला. त्यानं सुनेकडं पाहिलं. अनारकुल स्टिअरिंगमागं बसली, पाय दांडीवर.

“दाब,” खालून तालाय.

“दाबलंय.”

“धरून ठेव. आता सोड.”

“बुडबुडे आले का?”

“येतायत. दाब.”

“नीट बघा हो. तीन चाकं ठणठणीत म्हणणारे तुम्हीच ना.”

“दाब ना बाई.”

माझ्या अंगातून हवा फुसफुसत निघाली आणि दांडी हळूहळू कडक झाली. तिच्या तळपायाला ते जाणवलं. तिनं पाय पटकन काढला नाही. मलाही बरं वाटत होतं.

“आणि ज्या बायांनी हे कपाळाला लावलं, त्यांना मी आता काय सांगू?” बुरमाकान झिबेकला थोपटत म्हणाली.

“गुडघा बरा झाला ना एकीचा?” मायलीबेक म्हणाला. “मग तू गप्प राहा.”

उतरलो. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, तीन चाकांवर. दाबलं की मी थोडी उजवीकडं ओढायचे, मायलीबेक स्टिअरिंग सावरायचा. “चू” एकदाही म्हणाला नाही. खोऱ्यात पोचलो तेव्हा पहिलं बर्फ माथ्यावर भुरभुरत होतं. अनारकुलची आई दारात उभी. अनारकुलचे हात कोपरापर्यंत लाल, ओशट. आईच्या गळ्यात पडताना तिनं ते मागं धरले, पोशाख खराब होईल म्हणून. आईनं ते ओढून पुढं घेतले आणि आपल्या पाठीवर ठेवले.

एवढं होऊन तालायचं म्हणणं, “तीन चाकांवर येतंय की. घरी गेल्यावर बघू.” अशी आहेत ही माणसं. जीव वाचला की लगेच त्यांना वाटतं, दुखणं बरं झालं. अनारकुल म्हणाली, रबर बदलल्याशिवाय मी परतीला बसणार नाही. सासऱ्यानं “बरोबर आहे” म्हटलं, तेव्हा बाजारातून चारही चाकांची रबरं आली, नवी नळी आली आणि नवा डबा आला. बसवताना तालायनं एक रबर उलटं घातलं. पुन्हा उघडलं. पुन्हा घातलं. ते सांगायला बसले तर मला पुन्हा धाप लागेल.

आता मी पूर्वीच्याच अंगणात असते. आभाळी रंग गेलाय, हरणाचं एक शिंग मोडलंय. तरी मी थांबते. पहिल्याच दाबाला थांबते. गाडीनं आणखी काय करायचं असतं?

माझं मागणं फार नाही. तुमच्या दारात जे कुणी न बोलणारं उभं असेल, गाडी असो, गाय असो, नाहीतर बोलायची बंदी असलेली सून असो, तिच्या अंगावर काही ओलं दिसलं तर आधी वाकून बघा. शकुन नंतर ठरवा. आणि गळणाऱ्या गोष्टीला तिचं खरं नाव घेऊ द्या.

घरात अनारकुल अजूनही ‘निसरडं’च म्हणते, भाकरीला निसरडं, दिव्याला निसरडं. रीत ती रीत. पण माझ्यापाशी सासऱ्यानं तिला मोकळीक दिली आहे. कुठं निघायचं झालं की मायलीबेक ओट्यावरूनच विचारतो, “केलिन, माझं नाव भरलेलं आहे का?”

ती झिबेकला कडेवर घेऊन बॉनेट उघडते, वाकून ब्रेकच्या तेलाच्या डबीत बघते. मग चाकांभोवती एक फेरी मारते, चौथ्या चाकापाशी जरा जास्त वेळ थांबते.

“माय भरलेली आहे, अता,” ती म्हणते, आणि मग आम्ही निघतो.